मुजफ्फर बंदूकवाल्याचा नेम

भोरच्या बाजारपेठेत मुजफ्फर बंदूकवाल्याचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. कानशीचा आवाज येईल त्या दिशेनं चालत जायचं आणि शिव्यांचा आवाज यायला लागला की थांबायचं. शिव्या गिऱ्हाइकाला नसत. गिऱ्हाइकाच्या बंदुकीला आधी ज्या कुणी हात लावला असेल, त्याला असत. "कुण्या गाढवानं हितं खिळा ठोकलाय?" असं मुजफ्फरभाईनं विचारलं की समोरचा शेतकरी आढ्याकडं बघत म्हणायचा, "शेजारचा हुता योक." बहुतेक वेळा ते गाढव स्वतःच्याच पायांवर दुकानात उभं असायचं. मुजफ्फरभाईला ते कळायचं, पण शेजाऱ्याला दिलेली शिवी जास्त मोकळेपणानं देता येते म्हणून तोही शेजाऱ्यावरच समाधान मानायचा.

दुकान म्हणजे आठ बाय सहाचं खोपटं. भिंतीवर दोन कागद फ्रेममध्ये टांगलेले. एक संस्थानच्या काळचा, त्याच्या आजोबांना बंदुका दुरुस्त करायची परवानगी देणारा. दुसरा सरकारी, दर साली नवा होणारा. पहिल्यावर धूळ बसली तर भाई स्वतः पुसायचा. दुसऱ्यावर बसली तर म्हणायचा, "राहू दे, पुढल्या वर्षी बदलायचाच हाय."

त्याच्याकडं येणाऱ्या बंदुका म्हणजे डुकरं हाकायला परवाना मिळालेल्या ठासणीच्या. पाली, गुंजवणे आणि त्या खोऱ्यातल्या भातकरी लोकांच्या. नळीच्या तोंडातनं दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, मग गजानं ठासायचं, मागं टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि कुलदैवताचं नाव घ्यायचं. बार उडाला तर डुक्कर पळायचं, नाही उडाला तर शेतकरी. या बंदुकांचं वय मालकाच्या आजोबाएवढं आणि स्वभावही तसाच. खोकला भरपूर, धूर भरपूर आणि नेमक्या कामाच्या वेळेला झोप.

अशा म्हाताऱ्यांना जागं ठेवण्यात मुजफ्फरभाईचा हात धरणारा अख्ख्या भोर-वेल्ह्यात कुणी नव्हता. त्यातही त्याचं खास काम म्हणजे घोड्याची खाच. घोडा पूर्ण मागं ओढला की बंदूक उडायला तयार. अर्धाच ओढला की तो एका खाचेत अडकून बसतो, मग बंदूक आपटो, पडो, हिंदकळो, उडता कामा नये. भरलेली बंदूक घेऊन माणूस रानात चालतो तो या खाचेच्या भरवशावर. खाच तांदळाच्या कणीएवढी. तिची कड कानशीनं केसभर कमी घासली तर घोडा अडकत नाही. केसभर जास्त घासली तर अडकल्यासारखा दिसतो आणि धक्क्याला सुटतो. हे दुसरं जास्त वाईट. आजोबांचा नियम होता की दुरुस्त बंदूक गिऱ्हाइकासमोर अर्ध्या घोड्यावर ठेवायची आणि दस्ता सात वेळा दगडावर आपटायचा. सातही वेळा घोडा हलला नाही, तरच बंदूक परत द्यायची. मुजफ्फरभाईनं बत्तीस वर्षांत आठवा टोला कधी मारला नव्हता आणि सहाव्यावर कधी थांबला नव्हता.

आणि एकोणसाठाव्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी बशीतला चहा सांडला. मग शर्टाचं बटण लावताना वेळ लागायला लागला. भोरच्या डॉक्टरनं बोटं पुढं करायला सांगितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "कंप आहे. वाढत जाईल. बारीक काम सोडा."

"बारीक काम सोडा म्हंजे? मग राहिलं काय? नांगर धरू?"

"नांगर चालेल," डॉक्टर म्हणाला. तो बिचारा मनापासून सांगत होता.

ही गोष्ट मुजफ्फरभाईनं कुणाला सांगितली नाही. बायकोला, साबिराला, सांगायची गरजच पडली नाही. चहाचे डाग तीच धूत होती. गिऱ्हाइकांना मात्र त्यानं एक सबब तयार केली: खाचेच्या कामाची बारीक कानस मोडली, नवी पुण्याहून यायचीय. ती कानस आठ महिने पुण्याहून येत होती. गुडघ्यावर रांगत आली असती तरी एव्हाना कात्रज उतरून खाली आली असती. लोक काही बोलत नसत. उस्तादाला उलट विचारायची पद्धत नव्हती. भाई दस्ते घासायचा, नळ्या साफ करायचा, उजवा हात शक्यतो खिशात ठेवायचा आणि आपण अजून बंदूकवाले आहोत की बंदुका पुसणारे, या प्रश्नाकडं पाठ करून बसायचा.

दोन हजार चार सालच्या पावसाळ्यात विधानसभेची निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा रिवाज. खोऱ्यातनं गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका एसटीनं ठाण्यांकडं निघाल्या आणि मुजफ्फरभाईच्या दुकानात माशांशिवाय कुणी उरलं नाही. चार दिवस त्यानं माश्या मारल्या, त्याही डाव्या हातानं. पाचव्या दिवशी साबिरा म्हणाली, "अहो, तुमी फुरकानकडं तरी जाऊन बसा, न्हाईतर मला म्हायेरी पाठवा. दोघातलं एक करा."

फुरकान हा मुजफ्फरभाईच्या थोरल्या भावाचा मुलगा. चांगला सत्तावीस वर्षांचा बाप्या, लग्न झालेला, आणि एसटी स्टँडजवळ इंटरनेट कॅफे टाकलेला. कॅफेत चार कॉम्प्युटर. एक चालायचा, एक मनात आलं तर चालायचा आणि दोन कॅफेची इभ्रत राखायला ठेवलेले. दहावीच्या निकालाच्या दिवशी तिथं इंटरनेट चालायचं, बाकी तीनशे चौसष्ट दिवस गेम. टेम्पोवाले, मेकॅनिक, कॉलेजातनं सुटलेले आणि कॉलेजनं सोडलेले, सगळे तिथं पडीक.

त्या साली तिथं ज्या गेमचं याड होतं, त्यात एक अख्खं परदेशी शहर होतं. रस्ते, पूल, समुद्र, झाडं, माणसं, सगळं. त्यात तुम्ही एक गुंड. कुठंही जा, कुणाचीही गाडी पळवा, कुणालाही गोळी घाला. चाचांचं मन रमावं म्हणून फुरकाननं त्यांना त्या शहरात सोडलं.

"ह्याचा धंदा काय?" पडद्यावरच्या गड्याकडं बघत मुजफ्फरभाईंनी पहिला प्रश्न केला.

"गुंड हाय, चाचा."

"ते दिसतंय. पण खातो काय? घरी कोण असतं?"

"घरचं दाखवत न्हाईत ह्यात."

"मग बरोबर हाय. घरचं कुणी विचारणारं न्हाई म्हणूनच असा फिरतोय."

चाचांनी गाडी चालवली ती डाव्या बाजूनं, आणि लाल दिव्याला थांबवली. त्या शहराच्या इतिहासात लाल दिव्याला थांबलेला तो पहिला गुंड असावा. मागं एक टेम्पोवाला हसता हसता खुर्चीवरनं घसरला. चाचांनी त्याला विचारलं, "तुजा परवाना कुठं काढलास रं तू?"

मग गुंड हिंडता हिंडता एका हत्यारांच्या दुकानात शिरला आणि मुजफ्फरभाई खुर्चीत ताठ झाले. भिंतभर बंदुका. चकचकीत, तेल दिलेल्या, एकीलाही खिळा ठोकलेला नाही.

"रजिस्टर कुठंय?"

"नसतं, चाचा."

"परवाना न बघता देतोय?" त्यांनी त्या दुकानदाराकडं असं बघितलं, जसं एखाद्या आलिमानं दारूच्या गुत्त्याकडं बघावं. पण नजर भिंतीवरनं हलेना. मशीनगना होत्या, खांद्यावर धरायच्या तोफा होत्या. भाईंचं बोट एका कोपऱ्यात थांबलं. जुन्या घडणीची, लांब नळीची, सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर. सावकाश भरायची, सावकाश उडवायची, पण जिथं धरली तिथंच लागणार, अशी.

"चाचा, ती म्हातारी कशाला? मशीनगन घ्या."

"मशीनगन म्हंजे भुईमूग पेरणं झालं. कुठंतरी उगवंलच. ही बघ. हिला नेम लागतो. असली एक माझ्या आज्ज्यानं संस्थानच्या साहेबाची दुरुस्त केली हुती. घोडा बघ कसा काढलाय. कुणी का काढंना, त्याला घोडा कळतो."

त्या दुकानाच्या मागं नेमबाजीची जागा होती. समोर कागदाचे पुतळे सरकत यायचे, त्यांना गोळ्या घालायच्या. चाचांनी गुंडाला तिथं उभं केलं, माउस धरला आणि पडद्यावर नेमाचा ठिपका उमटला.

ठिपका थरथरत होता.

पहिली गोळी भिंतीत गेली. दुसरी छताला. सहातली एकही पुतळ्याला शिवली नाही. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणीच हसलं नाही, कारण सगळ्यांना दिसलं होतं. सहा महिने खिशात लपवलेला हात आता चौदा इंची पडद्यावर साऱ्या स्टँडला दिसेल असा हलत होता.

"माउस बिघडलाय तुजा," मुजफ्फरभाई म्हणाले. त्यांनी तो तिथल्या तिथं उघडला, आतली रबराची मळकी गोळी काढून सदऱ्याला पुसली, परत बसवली. त्यात वीस मिनिटं गेली. ठिपका तसाच. ते चार दिवस येत राहिले, चारही दिवस तेच. चौथ्या दिवशी पायरी उतरताना त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरला होता, एखादं मूल गर्दीत हरवू नये म्हणून धरावं तसा.

फुरकानला ते बघवलं नाही. पुढं जे घडलं त्याचं मूळ त्या न बघवण्यात आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष द्यायचा तर अख्ख्या भोरला द्यावा लागेल. पाचव्या दिवशी त्यानं माउस काढून जॉयस्टिक लावली आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट चालू केली. आता नुसतं बटण दाबून धरलं की मशीन स्वतःच समोरच्या पुतळ्यावर नेम धरी आणि सोडत नसे. हात हलो, डुलो, नाचो, गोळी छातीत. सराईत खेळणारे याला हसत. फुरकाननं सगळ्यांना खूण केली: हसायचं नाही.

मुजफ्फरभाईंनी रिव्हॉल्व्हर उचलली. पहिली गोळी पुतळ्याच्या छातीत. ते थांबले. दुसरी छातीत. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. कुणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

"जुना माउसच खराब हुता," ते हळूच म्हणाले.

"व्हय चाचा," फुरकान म्हणाला.

त्यानंतर महिनाभर हा माणूस रोज सकाळी दहाला कॅफेत हजर. ज्या शहरात काय वाटेल ते करायची मुभा होती, तिथं यांनी एकच केलं: दुकानामागच्या त्या जागेत उभं राहून पुतळ्यांवर नेम. रस्त्यावरच्या माणसावर गोळी झाडायला सांगितलं की म्हणायचे, "त्यानं माझं काय घेतलंय?" एकदा मात्र ते रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर पडले, दोन चौक पायी चालले आणि सरळ तिथल्या पोलीस ठाण्यात शिरले. आतले सगळे पोलीस एकदम गोळ्या झाडायला लागले. "अरे, जमा करायला आलोय! जमा करायला!" चाचा पडद्याकडं बघून ओरडत होते आणि त्यांचा गुंड फरशीवर आडवा झाला होता. कॅफेत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. चाचांनी शेवटी निकाल दिला, "तिकडं निवडणूक लागली नसंल. आपलंच चुकलं."

घरी चहा अजून सांडतच होता. पण आता त्यांच्याकडं उत्तर होतं. "रिकामा असला की थरथरतोय," ते साबिराला सांगायचे, "कामाला लावला की लोखंडासारखा. रोज बघतोय मी." न्हाव्याला सांगितलं, मशिदीच्या पायरीवर सांगितलं, औषधवाल्यालाही सांगितलं. डॉक्टरच्या दवाखान्यावरनं जाताना तर ते मुद्दाम उजवा हात हलवत जायचे. फुरकान दोनदा खरं सांगायला म्हणून दुकानापर्यंत आला. एकदा चाचा गुणगुणत होते. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला जवळ बोलावून कानशींची पेटी दाखवली, सगळ्या पुसून ओळीनं लावलेल्या. तो चहा पिऊन परत गेला.

निवडणूक झाली, मोजणी झाली, रमजान लागला आणि बंदुका ठाण्यातनं सुटल्या. भातं पोटरीतनं बाहेर पडून पिवळी व्हायला लागली होती. डुकरांचेच दिवस. बाजाराच्या दिवशी गुंजवण्याच्या वरच्या वस्तीवरला कोंडिबा गोणपाट काखेत मारून दुकानाच्या पायरीशी आला. हा वीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक. गोणपाटातल्या बंदुकीचं तो एसटीत कंडक्टरला सांगायचा, "म्हातारीची काठी हाय."

"राम राम भाई. कानस आली का पुण्यास्नं?" त्यानं विचारलं. आठ महिन्यांच्या सवयीनं तो उत्तर न ऐकताच बसणार होता.

"आली," मुजफ्फरभाई म्हणाले.

कोंडिबा उभाच राहिला. "आली?"

"आण हिकडं. काय झालंय म्हातारीला?"

"अर्ध्या घोड्यावर ठरना. सरकतीय. बायकू म्हणती, फुलाबाई, की ही घिऊन राखणीच्या माळ्यावर चढू नगा."

"बायकोचं ऐकत जा."

"न्हाईतर म्या कशाला आलो असतो? तिनंच धाडलंय."

मागल्या पडद्याआडच्या घरातनं साबिराचा आवाज आला, "अहो, रोज्याचं तोंड हाय. बारीक काम उद्या पहाटंची सहरी खाऊन करा." मुजफ्फरभाईंनी ऐकलं नाहीसं केलं. घोडा सुटा केला, शेगड्याच्या पकडीत धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा बारीक कानस खाचेला लावली.

कानस बोलायला लागली. तो आवाज कोंडिबानं वीस वर्षं ऐकला होता. तो निवांत टेकून डुकरांच्या तक्रारी सांगायला लागला. डुकरं आता इतकी हुशार झालीत की बाराच्या आवाजाला नुसती मान वर करतात, बघतात आणि परत खायला लागतात. गेल्या साली एक मादी पिलं घेऊन आली, जणू काय लेकरांना बार दाखवायला. मुजफ्फरभाई हसत होते. हात हलत होता की नाही, हे त्यांनी बघितलंच नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

घोडा परत बसवला. अर्धा चढवला. टक्क. खाचेत बसला. त्यांनी दस्ता दगडावर आपटला. एक. घोडा ठाम. दोन. ठाम.

"भाई, एसटी चुकंल," कोंडिबा उठत म्हणाला. "नसरापूरला पुढली धरायचीय. ती गेली की मग मार्गासनीपतूर चालायचं, म्हातारीला खांद्यावर घिऊन."

मुजफ्फरभाईंचा हात तिसऱ्या टोल्यासाठी वर गेला होता. तो त्यांनी खाली आणला आणि हसले. "जा. ज्याला आपल्या हाताची शंका असंल त्यानं सात मोजावेत."

सहाव्या दिवशी त्याच वस्तीवरला गेनू दुपारच्या एसटीनं पुण्याहून आला. कोंडिबाच्या शेजारचा. दुकानाच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "कोंडिबाला पुण्याला नेलाय."

काल दिवेलागणीला कोंडिबा शेतातल्या माळ्यावर चढत होता. बंदूक भरलेली, घोडा अर्धा, गडी रोजच्यासारखा बेफिकीर. शिडीच्या दुसऱ्या पावंड्याला दस्ता लागला. नुसता लागला, आपटलासुद्धा नाही. सगळा बार डाव्या गुडघ्याखाली गेला. फुलाबाई बांधावर गवत कापत होती. तिनं लुगड्यानं पाय आवळला आणि हाका मारल्या. डोलीतनं खाली, जीपमधनं पुढं. सकाळी पुण्याच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्यापासनं काढला.

"म्हातारी दगा देऊन गेली," गेनू म्हणाला. "पर तुमी हळहळू नगा भाई. तुमचं काम तर नवं हुतं."

तो गेल्यावर मुजफ्फरभाईंनी कानशींची पेटी झाकली. मग फुरकान आला. त्याला स्टँडवर कळलं होतं. तो पायरीच्या खालीच उभा राहिला.

"चाचा, त्या गेमात नेम तुमचा नव्हता."

"म्हंजे?"

"मशीन आपआपच नेम धरतंय. मी चालू करून दिलं हुतं. तुमी घरी जाताना हात धरला हुता ना, त्या दिवशी... मला वाटलं, तेवढंच तुमाला बरं वाटंल."

मुजफ्फरभाईंनी विचारलं, "कवापासनं?"

"पाचव्या दिवसापासनं."

"टाळ्या वाजवीत हुते ते सगळे... त्यास्नीबी ठाव हुतं?"

फुरकाननं मान डोलावली. मुजफ्फरभाईंच्या तोंडून बत्तीस वर्षं जे ऐकून बाजारपेठेचे कान किटले होते, ते गाढव, ते माकड, त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. त्याची आशा फुरकान करत होता. एक सणसणीत शिवी बसली असती तर तो रडून मोकळा झाला असता.

"रोजा सुटायची येळ झाली," चाचा म्हणाले. "घरी जा. बायको वाट बघत असंल."

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला दवाखान्यात गेले. कोंडिबा कॉटवर होता. चादर एका बाजूला जिथं उंच असायला हवी तिथं सपाट होती. फुलाबाई खाली फरशीवर बसली होती. भाईंना बघून तिनं पदर सावरला आणि उठून स्टूल पुढं केलं.

"भाई, तुमी कशाला आला रोज्याचं?" कोंडिबा म्हणाला. त्याचा आवाज पातळ झाला होता. "माझ्याच हातनं सुटली. पोलिसास्नीबी म्या तेच सांगितलं. घोडा म्याच पुरा वढला आसंल."

"पुरा ओढला हुता?"

"आठवत न्हाई. पर तसंच आसंल." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तुमच्या हातचं काम चुकंल व्हय? वीस वरसं चुकलं न्हाई. मग उरलं कोण? म्याच."

मुजफ्फरभाईंनी आणलेली केळी कॉटच्या कडेला ठेवली. बोलायला तोंड उघडलं. फुलाबाई म्हणाली, "भात उभंच हाय वो भाई, गेनू कापतो म्हणलाय," आणि मग ते तोंड मिटलं. परतीच्या एसटीत त्यांनी सबंध वाटभर दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

आठवड्यानं वेल्ह्याच्या ठाण्यातनं निरोप आला. बंदूक जप्त होती. पुण्याला तपासायला पाठवण्याआधी साहेबांना माहितगाराचं मत हवं होतं, आणि त्या मुलखात माहितगार म्हणजे एकच. हवालदार हनुमंतराव तिशीतले, पोट सुटलेले, मनानं चांगले. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"चहा विचारत न्हाई, रोजे हायेत. भाई, काम सोपं हाय. बंदूक बघा आन दोन ओळी लिवा. कोंडिबा सोता कबूल करतोय की त्याची चूक. तुमी 'बंदूक ठीक' म्हणलात की त्याच्यावर हयगयीचा गुन्हा, परवाना रद्द, कागद पुरा."

"आणि ठीक नसली तर?"

"मग कोंडिबा सुटला. आन ज्यानं दुरुस्त केली तो अडकला." हवालदार हसले. "पर ती तर तुमीच केलीय म्हणत्यात. म्हंजे ठीकच आसणार."

बंदूक टेबलावर होती. दस्त्यावर काळपट डाग. मुजफ्फरभाईंनी घोडा सुटा केला आणि डोळ्याला भिंग लावलं. खाच दिसायला वेळ लागला नाही. कड गोल झाली होती. एकसारखी नाही, लाटेसारखी. कानस कुठं दाबली, कुठं उचलली, कुठं घसरली, सगळं लोखंडात लिहून ठेवलेलं. कंपाचं इतकं स्वच्छ अक्षर त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हवालदारांनीही भिंग घेऊन बघितलं. त्यांना खाच दिसली, बाकी काही दिसलं नाही.

"ठीक हाय न्हवं?"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी दाखल्यासाठी भांडत होतं. मुजफ्फरभाईंना ठाऊक होतं की इथं दोन शब्द लिहिले तर भिंतीवरचे दोन्ही कागद भिंतीवर राहतील. कोंडिबा स्वतः ते शब्द खरे मानील. मरेपर्यंत एका पायावर बसून लोकांना सांगील, माझीच चूक, भाईचं काम चुकत नसतं.

"तुमी लिवा, मी सांगतो," ते म्हणाले.

हवालदारांनी पेन काढलं.

"अर्ध्या घोड्याची खाच बिघडलेली. कड गोल झालीय. धक्क्यानं घोडा सुटतो. मालकाची चूक न्हाई."

पेन थांबलं. "भाई."

"दुरुस्त करणाऱ्यानं जास्त घासली."

"भाई, परवाना जाईल तुमचा. गुन्हाबी लागंल. पुन्यांदा बघा की नीट. म्या भिंग परत देतो."

"बघितलं मी. लिवा."

हवालदारांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, जणू पेन जड झालं होतं. मग कागदावरनं नजर न उचलता विचारलं, कारण विचारायला लागतं म्हणून, "दुरुस्त करणाऱ्याचं नाव?"

"मुजफ्फर लतीफ बंदूकवाले. राहणार भोर."

"घासायचं कारण?"

"हाताला कंप हाय."

"कवापासनं?"

"वरीस होत आलं."

"आन ठाव असून काम केलं?" हवालदारांचा आवाज आता पोलिसाचा राहिला नव्हता. "का केलं भाई?"

फुरकानचं नाव जिभेवर यायचं असतं तर ती वेळ हीच होती. कॅफे, जॉयस्टिक, टाळ्या, सगळं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नसतं. मुजफ्फरभाईंनी खिडकीतनं बाहेर बघितलं.

"वाटलं, बरा झाला," ते म्हणाले.

हवालदारांनी ते लिहिलं आणि कागद फिरवून पुढं केला. मुजफ्फरभाईंनी पेन धरलं. पहिल्यांदा पेन कागदाला लागेपर्यंतच शाईची एक रेघ खाली उतरली. दुसऱ्यांदा 'मु' झाला आणि पुढं नुसता वेडावाकडा ओघळ. हवालदारांनी परवान्याच्या नकलेवरची जुनी सही काढून शेजारी धरली, बघितली आणि उलटी करून ठेवली.

"जुळत न्हाई," ते हळू म्हणाले. "अंगठा घेऊ का?"

शाईचं पॅड आलं. अंगठा शाईत गेला, पण कागदावर टेकायला गेला तेव्हा ठशाऐवजी एक निळा डाग पसरला. हवालदार उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. अंगठा कागदावर टेकला, दाबला, उचलला. या वेळी ठसा उमटला, एकेक रेषा वेगळी दिसेल असा.

हवालदारांनी कागद वाळायला बाजूला सरकवला. मनगट सोडायचं त्यांच्या लक्षात यायला मात्र जरा वेळ लागला.